ढब्बूच्या तोंडचा आवाज

आम्ही कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या उभ्या करतो, त्यांत एकेक दात बसवतो आणि घासून-चकचकवून परत पाठवतो. चार जणींची लॅब आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं जी बसते, तिची ही हकिगत. समोरचे सहा दात तिच्यासारखे आमच्यात कुणालाच लावता येत नाहीत. ती पेशंटचा तरुणपणीचा फोटो मागवून घेते, आणि पूर्वी एखादा दात वाकडा असेल तर तितकाच वाकडा लावते. म्हणते, "सगळे सरळ लावले तर आरशात बघून माणूसच दचकेल."

तोंडावर आम्ही तिला ताई म्हणतो, पाठीमागे कुलूपताई. हे नाव तिनं कमावलेलं आहे. सकाळी दार ओढून ती दोन मजले उतरते, पुन्हा वर चढते, दार ढकलून बघते, उतरते, आणि रस्त्यापर्यंत येऊन तिसऱ्यांदा वर जाते. गॅस, नळ, खिडक्या, सगळ्यांची अशीच तपासणी. तिची आई होती तोवर हे जरा आटोक्यात होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्या दोन खोल्यांत ताई एकटी उरली. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. भाऊ एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत होता. दर रविवारी फोन करायचा आणि प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी म्हणायचा, "तुझं आपलं कायमचंच!"

अशा बाईनं पोपट पाळला, तेव्हा आम्ही तिघी चाट पडलो.

आमच्या खालच्या मजल्यावर जनावरांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. एका दुपारी तिथून अशा काही किंकाळ्या आल्या की माझ्या हातातला दात मेणातून निसटला. ताई तक्रार करायला म्हणून तणतणत खाली गेली. पाऊण तासानं वर आली ती एकदम मऊ होऊन.

"अगं, चार महिन्यांचं पिल्लू आहे," ती म्हणाली. "एका घरात विकत घेतलं, तिथल्या पुरुषानं गप्प बसवायला रोज पिंजऱ्यावर काठी आपटली. आता बाप्या माणूस दिसला की गजांवर डोकं आपटून घेतं. त्यांनी आणून टाकलंय इथं. कुणी घेत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिंजरा घेऊन घरी गेली. हिरवं अंग, छातीवर राखाडी लाळेरं बांधल्यासारखा पट्टा आणि बसका गोल बांधा. ढब्बू मिरचीच जणू, म्हणून नाव पडलं ढब्बू.

डॉक्टरबाईंनी शिकवलेलं सगळं ताईनं वहीत उतरवून घेतलं होतं, आणि रोज सकाळी मला त्याचा अहवाल मिळायचा. पहिले दहा दिवस पिंजऱ्यापासून चार हातांवर नुसतं बसायचं, पण त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. "शिकारी जनावर रोखून बघतं ना, म्हणून," ती मला समजावायची. तोंड भिंतीकडे करून ती त्याच्याशी बोलायची. लॅबमधल्या गमती सांगायची, कुठल्या पेशंटची कवळी शिंकताना उडाली वगैरे. मग रोज खुर्ची एक वीत पुढे. मग गजांतून सूर्यफुलाची बी. बी घेतली की जिभेनं 'टॉक' असा आवाज, म्हणजे 'बरोबर केलंस'. चावला तरी हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही, नाहीतर चावलं की माणूस पळतो हे तो शिकेल. हे तिला फार जड गेलं. तिच्या तर्जनीला आठ दिवस पट्टी होती आणि मेणाची सुरी धरताना ती कळवळायची.

दीड महिन्यानं तो बोटावर चढला. "ढब्बू, चढ," म्हटलं की आधी चोचीनं बोट चाचपून बघायचा, पक्कं आहे ना, आणि मगच पाय टाकायचा. "माझ्यावर गेलाय," ताई म्हणाली, आणि आम्ही चौघी खो खो हसलो. तिला आमचं पाठीमागचं नाव ठाऊक होतं हे त्या दिवशी कळलं. तिनं त्याला तीन सुरांची शीळ शिकवली: दोन वर चढणारे, एक खाली येणारा. ती दार उघडण्याआधी बाहेरून शीळ घालायची, आतून तो उत्तर द्यायचा.

एकच अडलं होतं. पुरुष. जिन्यात जड बुटांचा आवाज आला तरी तो पंख फडफडवत कोपऱ्यात जायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, एखादा शांत पुरुष शोधा, त्याला रोज लांब बसवा, हळूहळू जवळ आणा. ताई मला म्हणाली, "शांत पुरुष मी कुठून आणू?" भावाला विचार म्हटलं तर म्हणे, "त्याला नोकरीतून वेळ कुठाय?"

तर अशातच, ढब्बू आठेक महिन्यांचा असताना, एका शनिवारी गॅस शेगडीवाला तिच्याकडे दुरुस्तीला आला. चांगला धिप्पाड गडी, खांद्यावर पिशवी. ताईनं घाईघाईनं पिंजऱ्यावर चादर टाकायला घेतली, तोवर माणूस आत. आणि ढब्बूनं काय केलं? गजांशी आला, मान खाली घातली, डोक्यावरची पिसं फुलवली. खाजवून घ्यायला! शेगडीवाल्यानं बोट घालून खाजवलं. हा डोळे मिटून उभा.

सोमवारी ताईनं मला हे आनंदानं सांगितलं. सांगता सांगताच तिचा आवाज बारीक होत गेला.

"पण त्याला ही सवय कुणी लावली?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "वयानं शहाणा झाला असेल."

पण मनात एकदा किडा शिरला की तो थोडाच गप्प बसतो? ती घरातलं एकेक बघायला लागली. बियांची बरणी तिच्या हिशेबापेक्षा लवकर उतरत होती. संध्याकाळी पाण्याची वाटी स्वच्छ असायची, आणि ढब्बू तर दिवसभर त्यात दाणे बुडवतो. पिंजऱ्याच्या तळाला बिस्किटाचा चुरा दिसला. ती बिस्किटं आणत नाही.

मग ढब्बू नवे आवाज काढायला लागला. आधी दाराच्या लॅचचा: 'खट्'. ठीक आहे, तो रोज ऐकतो. त्यानंतर खाकरणं. पुरुषाचं, घसा साफ करतात तसं. त्यानंतर एक सुस्कारा, लांब, शेवटी तुटणारा. एका सकाळी ती चहा गाळत होती तेव्हा तो पाठीमागून जाड, दबक्या आवाजात म्हणाला, "मात आहे. नंतर." चहाचं भांडं तिच्या हातून सुटलं.

"अगं, माझ्या घरात कुणीतरी येतंय," मला सांगताना तिचे दात वाजत होते. "मी इथे असते तेव्हा. रोज येतंय. त्याशिवाय पाखरू शब्द उचलत नाही. डॉक्टरबाईंना विचारलं मी. पन्नासदा ऐकल्याशिवाय नाही उचलत."

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. तरी मी विचारलं, किल्ल्या किती? तीन. एक तिच्याकडे, एक खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंकडे, एक आईच्या आजारपणापासून भावाकडे. भाऊ कचेरीत. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या फणकारल्या, "मला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आणि तुमच्याकडे आहे काय असं चोरण्यासारखं?"

त्या दिवशी ताईनं लॅबमधून कागदात बांधून प्लास्टरची भुकटी नेली. मैद्यापेक्षा बारीक असते ती, आणि तिच्या घरची फरशी पांढरी. सकाळी निघताना तिनं उंबऱ्याच्या आतल्या बाजूला चाळणीनं पातळ थर भुरभुरवला. संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. तिनं दार हळूच ढकललं आणि खाली वाकली. भुकटीत बुटाच्या टाचेची चंद्रकोर उमटलेली होती. त्याच्या पुढे काही नाही. आत येऊन त्या माणसानं बूट काढले होते.

हे बूट काढणं मला सगळ्यात भयंकर वाटलं. चोर बूट काढतो का कधी? आत निवांत बसायला येणारा माणूस बूट काढतो.

पोलीस चौकीत आम्ही दोघी गेलो. तिथल्या हवालदारानं सगळं लिहून घेतलं, मग पेन थांबवून विचारलं, "बाई, चोरीला काय गेलं?"

"काही नाही."

"मोडतोड?"

"नाही."

"म्हणजे कुणीतरी घरात शिरून पोपटाचं पाणी बदलून जातं?" त्याला हसू आवरेना. "माझ्याकडेपण पाठवा हो त्याला."

कुलूप बदलणाऱ्यानं शनिवारचा वायदा दिला. मंगळवार होता तो. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर येईना. पलंग दाराला लावून झोपायची. बुधवारी, गुरुवारी ती ढब्बूला पिंजऱ्यासकट लॅबमध्ये घेऊन आली. आमच्याकडे कवळीचं रसायन कालवतात त्याचा वास उग्र असतो, आणि दात घासताना धूळही उडते. गुरुवारी दुपारी ढब्बू शेपटी वरखाली करत धापा टाकायला लागला. खालून डॉक्टरबाई धावत आल्या आणि ताईवर कधी नव्हे त्या कडाडल्या, "मारायचंय का त्याला? पाखरांची फुप्फुसं असला वास सोसतात का? आत्ताच्या आत्ता घरी न्या!"

म्हणजे घरी ठेवावा तर घरात कोण येतं कळत नाही, आणि इथे ठेवावा तर वासानं मरेल. शुक्रवारी सुट्टी घ्यावी म्हटलं तर दोन कवळ्या त्याच दिवशी द्यायच्या होत्या. ती त्याला घरी ठेवून आली. सकाळभर तिच्या हातातला एकही दात सरळ बसला नाही.

साडेबाराला मी म्हटलं, "ताई, आता तरी भावाला सांग. निदान दोन दिवस येऊन राहील."

"तो म्हणेल, तुझं आपलं कायमचंच."

"म्हणू दे की."

तिनं फोन लावला. मी इतक्या जवळ होते की पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. तिनं "दादा" एवढंच म्हटलं आणि पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, "अगं, कामात आहे. नंतर करतो."

आणि त्या आवाजाच्या मागे, अगदी स्पष्ट, तीन सुरांची शीळ वाजली. दोन वर, एक खाली.

फोन बंद झाला. ताई हातातल्या फोनकडे बघत राहिली. तिचा चेहरा आमच्या प्लास्टरसारखा झाला होता.

"कामात आहे," ती पुटपुटली. "मात आहे. नंतर." आणि ती उठली.

आम्ही रिक्षा पकडली. मला वाटलं, चला, निदान चोर नाही, घरचाच माणूस आहे. आता भीती कसली? मी तसं म्हटलंसुद्धा. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"तुला कळत नाहीये," ती म्हणाली. "तो कचेरीत नाही. वहिनी मला काही बोलली नाही, म्हणजे तिलाही माहीत नाही. सकाळी डबा घेऊन निघतो आणि माझ्या घरी येऊन बसतो. कधीपासून? अन् मी आता फोन केला, शीळ मी ऐकली हे त्यालाही कळलं असेल. तिथे दोन मजले खाली सिमेंटचं अंगण आहे गं."

तेव्हा मला तिची भीती कळली. रिक्षावाल्याला मीच ओरडले, "दादा, जरा पळवा!"

जिना आम्ही दोघी कशा चढलो आठवत नाही. तिची किल्ली काही भोकात जाईना. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेवटी मी तिच्या हातातून किल्ली घेऊन दार उघडलं आणि आम्ही दोघी एकदमच आत धडकलो.

तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. बूट वर्तमानपत्रावर नीट जोडीनं ठेवलेले. टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. खांद्यावर ढब्बू. दार आपटल्याच्या दणक्यानं ढब्बू किंचाळला आणि उडाला, सरळ खिडकीच्या काचेवर जाऊन आदळला. धप्प आवाज झाला आणि तो कपाटामागच्या फटीत पडला.

भाऊ आणि बहीण दोघंही एकदम त्या फटीकडे झेपावले आणि दोघंही एकदम थांबले. ताईनं हातानंच खूण केली: खाली बसा. फटीतून पंख घासल्याचा आवाज येत होता. म्हणजे जिवंत होता.

ती भिंतीला तोंड करून जमिनीवर बसली. तो तिच्यापासून चार हातांवर, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला हे कुणी शिकवायला लागलं नाही, तेव्हा लक्षात आलं, यानंही असंच ढब्बूला आपलंसं केलं होतं. मी दाराशीच उभी राहिले, श्वास रोखून. ताईनं मागे न बघता एक बी फटीच्या तोंडाशी ठेवली.

"बोलत राहा," ती हळू म्हणाली. "तुझा आवाज ओळखतो ना तो. काहीही बोल. मोठ्यानं नको."

मग भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तीन महिने झाले. आमचा विभागच बंद केला. सतरा जण होतो. मी घरी जाऊन सांगणार होतो त्याच दिवशी. दारात तुझी वहिनी म्हणाली, आज लवकर कसे? मी म्हटलं, बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरून ठेवला होता तिनं. मी उचलला आणि निघालो."

फटीत खसखस झाली. तो थांबला.

"बोल."

"पहिले आठ दिवस बागेत बसलो. मग ओळखीची माणसं भेटायला लागली. इथे येऊन नुसता बसायचो. हा आधी फार घाबरायचा मला. म्हटलं, आपल्यालाही घाबरणारं कुणीतरी आहे. तुझी वही वाचली आणि तसंच करत गेलो." त्यानं गुडघे जवळ घेतले. "परवा आलो तर पिंजराच नाही. कालही नाही, बघून लगेच परत गेलो. मला वाटलं, मेला. मी दिलेल्या बिस्किटानं मेला. आणि तुला विचारू कसा? दोन दिवस मी..." तो सुस्कारा बाहेर पडला, लांब, शेवटी तुटणारा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते तरी मला ओळखीचा वाटला, ताईनं इतक्यांदा नक्कल करून दाखवला होता.

"दादा," ताई म्हणाली. अजून ती भिंतीकडेच बघत होती. "मी पलंग दाराला लावून झोपत होते. मला वाटलं, कुणीतरी मला मारायला टपलंय."

"मला सुचलंच नाही गं ते," तो म्हणाला. "स्वतःच्या भीतीपुढे तुझी सुचलीच नाही."

जिभेनं 'टॉक' असा आवाज झाला. बहिणीनं नाही, भावानं काढला तो. फटीतून धुळीनं माखलेलं हिरवं डोकं बाहेर आलं. एक पंख लोंबत होता. ढब्बूनं दोघांच्या मधोमध उभं राहून बी उचलली.

पंख मोडला नव्हता, मुरगळला होता. डॉक्टरबाईंनी तो अंगाशी बांधून दिला आणि पाच आठवडे उडू देऊ नका म्हणाल्या. त्याच संध्याकाळी ताई भावाबरोबर त्याच्या घरी गेली. तो म्हणत होता, उद्या सांगू. ही म्हणाली, उद्या तू पुन्हा डबा उचलशील. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. "तीन महिने मी पहाटे उठून पोळ्या लाटल्या," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं ताईला फोन केला आणि विचारलं, "ते रोज जेवत तरी होते का तिथे?" ताई म्हणाली, "अर्धा डबा ढब्बू खायचा." तेव्हा कुठे वहिनी हसली, आणि हसता हसता खूप रडली.

शनिवारी कुलूप मात्र ठरल्याप्रमाणे बदललं. भावाला नवी किल्ली दिली नाही. "येताना घंटी वाजव," ताईनं त्याला सांगितलं, आणि त्यालाही ते रास्त वाटलं.

गेल्या महिन्यात त्याला एका गोदामात नोंदणीच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं. पन्नाशीतला माणूस, आदल्या दिवशी ताईला फोन करून म्हणाला, "फाटकापर्यंत येशील का?" तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. फाटकाबाहेर सावलीसुद्धा नव्हती. ट्रक आत-बाहेर करत होते, आणि ती पर्स छातीशी धरून दीड तास उभी राहिली. आत काय चाललं असेल, त्याला बोलता येत असेल ना, नाही म्हणाले तर तो कुठे जाईल, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. तो बाहेर आला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला होता.

"उद्या परत बोलावलंय. मोठे साहेब भेटणार म्हणे," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "हात बघ माझे कसे थरथरतायत."

तिनं बघितले. मग दोघं बस थांब्याकडे चालायला लागले.